तीन बाय अकरा

खणभागात दोन अपार्टमेंटच्या मधे
नियमापुरती जी फट राहते,
तिच्यात बाग करायची होती मगदूमबाईंना.
टेप लावली. रुंदी तीन फूट, लांबी अकरा,
त्यातून ड्रेनेजचं झाकण वजा.

"लॉन पाहिजे," मुलगा म्हणाला फोनवरून, पुण्याहून.
फोटो धाडला : हिरवंगार, पांढरे गोटे, मधे बुद्ध.
म्हटलं, साहेब, आधी ऊन किती येतं ते बघू.
स्टूल टाकून बसलो सकाळी नऊपासून.
बारा वाजून दहा मिनिटांनी
ऊन आलं वरच्या टाकीवरून,
भिंत धरून उतरलं म्हाताऱ्यासारखं,
खाली जरा टेकलं
आणि पावणेएकला उठून गेलं.
पस्तीस मिनिटं.
एवढ्यात पाहुण्याचा चहा होत नाही, लॉन कुठली.

माझं नाव दस्तगीर बागवान.
आडनावात बाग आहे, तेवढीच स्वतःची.
बाकी नर्सरी मिरज रोडला, टायरवाल्याच्या शेजारी,
अकरा महिन्यांच्या करारावर.
जमिनीत काही लावत नाही मी. सगळं पिशवीत.
मालक कधी म्हणेल उचल, नेम नाही.
आजोबा टोपलीतून पेरू विकायचे,
त्यांनाही लोक बागवानच म्हणायचे.

खणायला घेतलं.
वर फरशीचे तुकडे, मग वायर, मग शाम्पूच्या पुड्या,
मग चार बोटं गाळ, लोण्यासारखा.
"हा पुराचा," बाई म्हणाल्या.
त्याच्याखाली लहान पोराची एकच चप्पल.
त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली,
"आमच्यातली नाही,"
म्हणाल्या, आणि नळाखाली धुऊन
कट्ट्यावर वाळत ठेवली.

दिग्रजहून सहा पोती रानमाती आणली.
नेचे लावले, ड्रॅसिना लावला,
सावलीत जगतं म्हणतात ते सगळं.
मग विचारलं, बाई, खरं तुम्हाला काय हवं होतं?
पासष्टीच्या असतील. लाजल्या.
"काही नाही हो. चप्पल काढून
दोन मिनिटं उभं राहायचं होतं.
चौथ्या मजल्यावर पाय
नुसते पुसले जातात, मळत नाहीत."

म्हणून मधे दीड फूट मोकळं सोडलं.
पुण्याच्या फोटोत असं कुठं नव्हतं.

आषाढात फोन आला :
तुमच्या मोकळ्या जागेत काहीतरी उगवलंय.
गेलो. केळीच्या पिलासारखी सुरळी.
पान चुरगळलं, वास घेतला.
हळद.
पोत्यातून आली असणार, एखादं बोट,
न सांगता, तिकीट न काढता.
मी लावलेले नेचे पिवळे पडत चालले होते,
ही मात्र त्याच पस्तीस मिनिटांवर
दिवाळीपर्यंत कमरेला लागली.

पौषात पाला वाळला. कुदळ घेऊनच गेलो.
म्हटलं, काढू, दोन किलो तरी निघेल.
"नको," बाई म्हणाल्या,
"आम्ही जमिनीखालचं खात नाही.
राहू दे तिला."

ज्या गावात दात घासायच्या आधी
हळदीचा भाव विचारतात,
तिथं हळदीला नुसती राहू दे म्हणणारं माणूस
मी पहिल्यांदा पाहिलं.
राहिलेलं बिल तिथंच पायरीवर बसून केलं :
माती सहा पोती, नेचे बारा,
(त्यातले जगले तीन, ते लिहिलं नाही)
मजुरी दोन दिवस.
हळद असं लिहिलं आणि पुढं काय ते सुचेना.
खोडलं.

परवा त्या बाजूनं जाताना डोकावलो.
बाई अनवाणी उभ्या होत्या वाळल्या पानांत,
एका पायावर भार देऊन,
माणसं बस येईतो उभी राहतात तशा.
बारा वाजून गेले होते.
ऊन अजून वर, टाकीपाशीच होतं.